आधी पाय ठेवायची जागा, मग परवाना

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: फोर्ट कॉलिन्सला राहता, एच-१बीवर आहात, हंटर एज्युकेशनचं (शिकारीच्या प्रशिक्षणाचं) कार्ड नुकतंच हातात आलंय, आणि येत्या शरदात शेजारच्या वायोमिंगला जाऊन पहिल्यांदा प्राँगहॉर्नची, म्हणजे तिथल्या माळावरच्या हरणासारख्या जनावराची, शिकार करायची आहे. सुट्टी चार दिवसांची. ऑफिसातले मित्र म्हणतात, तिकडे कळपच्या कळप हमरस्त्याला लागून चरत असतात, मिळेल तो टॅग (एका जनावराच्या शिकारीचा परवाना) घे आणि जा. तर तयारी कुठून सुरू करायची?

कळपांबद्दल मित्र खरं सांगतात. ‘मिळेल तो टॅग’ हा सल्ला मात्र अजिबात ऐकू नका. माझ्या पहिल्या वर्षी मी तेच केलं होतं. राज्याच्या पूर्वेकडच्या एका एरियाचे (शिकारीसाठी आखलेल्या विभागाचे) मादीचे टॅग उरले होते, ते सहज मिळाले म्हणून घेतले. तीन दिवस गाडी फिरवली. रोज शेकड्यांनी जनावरं दिसली, आणि सगळी तारेच्या पलीकडे, खाजगी कुरणांत. मला कायद्याने उभं राहता येईल अशा जमिनीचे त्या अख्ख्या भागात चार तुकडे होते आणि त्यांतल्या दोन तुकड्यांपर्यंत सार्वजनिक रस्ताच पोचत नव्हता. टॅग इतका सहज का मिळाला याचं उत्तर नकाशात होतं, आणि मी नकाशा उघडला तो टॅग विकत घेतल्यावर.

तेव्हापासून माझा क्रम ठरलेला आहे. आधी जमीन, मग एरिया, मग टॅग, आणि रायफलीचा विचार सगळ्यात शेवटी. उघड्या माळावर जनावर दिसणं अवघड नसतंच. तुमच्या पायाखालची जमीन कोणाची, यावर चार दिवसांचं भवितव्य ठरतं.

त्याआधी तुमच्या व्हिसाचं बोलतो, कारण यात चूक झाली तर ती शिकारीपुरती राहत नाही. फेडरल कायद्यानुसार नॉन-इमिग्रंट व्हिसावरच्या माणसाला (एच-१बी त्यातलाच) बंदूक आणि काडतुसं बाळगता येत नाहीत. ज्याच्याकडे अमेरिकेतल्या एखाद्या राज्याचा चालू शिकार परवाना आहे, त्याच्यासाठी या बंदीला अपवाद आहे. परवान्याची मुदत संपली की अपवादही संपतो. म्हणजे मित्राची रायफल सरावाला हातात घेणं, रेंजवर भाड्याने घेणं, घरात काडतुसांचा डबा ठेवणं, यांतलं काहीच परवाना हातात पडायच्या आधी करायचं नाही. वायोमिंगचा टॅग लागेपर्यंत जून उजाडतो, तेव्हा सराव लवकर सुरू करायचा असेल तर आधी कोलोरॅडोचा छोट्या शिकारीचा परवाना काढणं हा सरळ मार्ग आहे. एकदा इमिग्रेशनच्या वकिलाला विचारून घ्या आणि परवान्याची प्रत कायम जवळ ठेवा. ग्रीन कार्ड असलेल्यांना ही अडचण येत नाही. तुमचं हंटर एज्युकेशनचं कार्ड वायोमिंगमध्ये चालतं. १ जानेवारी १९६६ किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना ते लागतंच.

आता जमीन. बीएलएमचे (सार्वजनिक जमिनी सांभाळणाऱ्या केंद्रीय खात्याचे) १:१,००,००० प्रमाणाचे नकाशे मिळतात. फोनवर जमिनीची मालकी दाखवणारं ऑनएक्ससारखं ॲप ठेवाच, पण हा कागदी नकाशा टेबलावर पसरून बसल्याशिवाय एरियाचा अंदाज येत नाही. पिवळा रंग बीएलएमचा, हिरवा फॉरेस्ट सर्व्हिसचा, निळा राज्याच्या ट्रस्ट जमिनीचा, पांढरा खाजगी. सगळी जमीन एक मैल बाय एक मैलाच्या चौकोनांत आखलेली आहे. एक चौकोन म्हणजे एक सेक्शन, ६४० एकर, आणि ३६ सेक्शनांची एक टाउनशिप. १८९० मध्ये राज्य झालं तेव्हा प्रत्येक टाउनशिपमधले १६ आणि ३६ क्रमांकाचे सेक्शन शाळांच्या खर्चासाठी राज्याला दिले गेले. पांढऱ्या समुद्रात एकेकटे निळे ठिपके दिसतात ते बहुतेक हेच. या निळ्या जमिनीवर शिकार करता येते, पण मुक्काम आणि शेकोटी चालत नाही, रस्ता सोडून गाडी नेता येत नाही, आणि तिथे पीक उभं असेल तर ती जमीन शिकाऱ्यांना बंदच.

रंग बघून खूश होऊ नका, प्रत्येक तुकड्यापर्यंत बोट फिरवून वाट शोधा. काउंटी रोड सार्वजनिक असतो. माळावर उमटलेली दोन चाकांची वाट खाजगी जमिनीतून जात असेल तर ती सार्वजनिक आहे असं धरून चालता येत नाही. मी पेन्सिलीने ज्या ज्या तुकड्याला सार्वजनिक रस्ता शिवतो त्यावर खूण करतो. मग सलग आकार बघतो. प्राँगहॉर्न ताशी ८८ किलोमीटरपर्यंत पळतं, म्हणजे अख्खा सेक्शन ते साधारण मिनिटाभरात ओलांडतं. एकुलत्या एका सेक्शनमध्ये तुम्ही रांगत शंभर यार्ड जाईपर्यंत कळप शेजाऱ्याच्या पांढऱ्या चौकोनात पोचलेला असतो. तीन-चार सेक्शन सलग असतील, मध्ये एखादी टेकडी आणि दोन घळी असतील, तर तो तुकडा तुमच्या कामाचा. असे सहा-सात तुकडे नसतील त्या एरियावर मी अर्जच टाकत नाही.

दक्षिण वायोमिंगमध्ये रेल्वेच्या दोन्ही बाजूंना बुद्धिबळाच्या पटासारखी जमीन दिसेल. १८६२ च्या कायद्याने युनियन पॅसिफिक रेल्वेला एकाआड एक सेक्शन मिळाले आणि दोन वर्षांनी हा पट्टा वाढवून प्रत्येक बाजूला २० मैलांचा केला गेला. तिथे एका पिवळ्या चौकोनातून दुसऱ्या पिवळ्या चौकोनात जायचं तर फक्त कोपऱ्याचा बिंदू सामाईक असतो. २०२१ साली मिसूरीहून आलेल्या चार शिकाऱ्यांनी कार्बन काउंटीत अशा कोपऱ्यावर शिडी लावून पलीकडे पाय टाकला. त्यांच्यावर खटला झाला, २०२२ मध्ये ज्युरीने त्यांना निर्दोष सोडलं. जमीनमालकाचा दिवाणी दावाही टिकला नाही. मार्च २०२५ मध्ये दहाव्या सर्किट न्यायालयाने (काही राज्यांसाठीच्या केंद्रीय अपील न्यायालयाने) सार्वजनिक जमिनीची वाट अडवायला मनाई करणाऱ्या १८८५ च्या कायद्याचा आधार घेऊन शिकाऱ्यांच्या बाजूने निकाल दिला आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने अपील ऐकायला नकार दिला. या सर्किटमध्ये वायोमिंग येतं, तुमचं कोलोरॅडोही येतं. माँटाना येत नाही.

याचा अर्थ कुठल्याही कुंपणावरून उडी मारायची असा नाही. पायी जायचं, खाजगी जमिनीला पाय लागू द्यायचा नाही, तारेला धक्का लावायचा नाही. आणि फोनमधला तुमची जागा दाखवणारा ठिपका काही मीटर इकडेतिकडे असू शकतो. म्हणून मी सर्व्हेची पितळी खूण डोळ्यांनी दिसल्याशिवाय कोपरा ओलांडत नाही. एकदा ती खूण शोधायला पाऊण तास गेला, मिळाली नाही, आणि मी मागे फिरलो. कळप पलीकडे सहाशे यार्डांवर बसलेला होता. पहिल्या वर्षी तुम्ही कोपऱ्यांच्या फंदात पडू नका, असंच मी सांगेन.

एरियांचा ढोबळ हिशेब असा. रेड डेझर्ट आणि त्याच्या आसपासचा मधला-दक्षिणेकडचा भाग सार्वजनिक जमिनीने भरलेला आहे, त्यामुळे तिथे बाहेरच्या राज्यातल्या माणसाला नराचा टॅग लागायला बरीच वर्षं साठवलेले प्रेफरन्स पॉइंट (सोडतीत प्राधान्य देणारे गुण) लागतात. पूर्वेकडे टॅग सहज लागतो, जमीन मात्र खाजगी. अर्जाच्या पुस्तिकेत ज्या एरियांत सार्वजनिक प्रवेश अवघड आहे त्यांच्यापुढे तारका छापलेली असते. माझ्या त्या पहिल्या टॅगपुढेही ती होती. या दोन टोकांच्या मध्ये ईशान्येला थंडर बेसिन नॅशनल ग्रासलँड आहे, हिरवे-पांढरे चौकोन गोधडीसारखे जोडलेले. पहिल्या वर्षासाठी मला असाच मिश्र मुलूख योग्य वाटतो, कारण तिथे नकाशा वाचायची मेहनत घेणाऱ्याला तिचं फळ मिळतं. आणखी एक: २०२२-२३ च्या हिवाळ्याने, विशेषतः नैर्ऋत्येत, प्राँगहॉर्न फार मोठ्या संख्येने मेले आणि त्यानंतर टॅग कापले गेले. तेव्हा पाच वर्षांपूर्वीच्या कोणाच्या आठवणीवर एरिया निवडू नका. गेम अँड फिश डिपार्टमेंटचे (राज्याच्या वन्यजीव खात्याचे) दरवर्षीचे शिकार अहवाल बघा आणि त्या भागाच्या बायॉलॉजिस्टला सरळ फोन करा. आजवर मी ज्यांना ज्यांना फोन केला, त्यांनी वेळ काढून उत्तर दिलं आहे.

बाहेरच्या राज्यातल्या अर्जदारांची मुदत जूनच्या अगदी सुरुवातीला संपते, निकाल त्याच महिन्यात लागतो. उरलेले टॅग जुलैत विकले जातात. नराचे तीन चतुर्थांश टॅग पॉइंट जास्त असलेल्यांना आणि एक चतुर्थांश निव्वळ सोडतीने मिळतात, म्हणजे शून्य पॉइंटवालाही अगदी बाद नसतो. नराचा टॅग साध्या दराने तीनशे डॉलरच्या वर जातो, मादी-पिलाचा त्याच्या जवळपास एक दशांश. पहिल्या वर्षी मादीचा टॅग घ्या. मांस थोडंच कमी मिळतं, जनावरं जास्त दिसतात, आणि रँचरकडे (गुरं पाळणाऱ्या जमीनमालकाकडे) परवानगी मागताना तुमचं पारडं जड होतं. टॅगच्या जोडीला काँझर्व्हेशन स्टँप (वन्यजीव संवर्धनासाठीचं वेगळं शुल्क) लागतो, तो विसरू नका.

परवानगीबद्दल सविस्तर सांगतो, कारण आपल्याकडचे बरेच जण इथेच कचरतात. वायोमिंगमध्ये खाजगी जमिनीवर पाटी असो वा नसो, मालकाच्या परवानगीशिवाय शिकार करता येत नाही. जखमी जनावर कुंपण ओलांडून गेलं तरी त्याच्या मागे जायला परवानगी लागते. म्हणून टॅग लागला की पहिलं काम म्हणजे तुम्ही खुणा केलेल्या प्रत्येक सार्वजनिक तुकड्याशेजारचे मालक कोण ते बघून ठेवायचं आणि शक्य तितक्यांशी आधीच बोलायचं. वसंतात त्यांच्या गाई वितात, मग वासरांना डाग द्यायचे दिवस, जुलैत गवतकापणी. जूनअखेरीस किंवा ऑगस्टमध्ये जा, शक्यतो स्वतः जा. हंगामाच्या आदल्या रात्री फोन करणाऱ्याला मीसुद्धा नाही म्हणेन.

मी जिथे बारा वर्षं जातोय त्या रँचवरच्या आजींनी पहिल्यांदा मला दारातूनच परत पाठवलं होतं. ‘नर मारणारे खूप येतात, माझा अल्फाल्फा खाणाऱ्या माद्या कोणीच मारत नाही,’ असं त्या जाता जाता म्हणाल्या. अल्फाल्फा म्हणजे आपला लसूणघास. पुढच्या वर्षी मी दोन मादी टॅग दाखवूनच दार वाजवलं. टॅगसोबत एक लँडओनर कूपन असतं. ज्याच्या जमिनीवर जनावर पडलं त्या मालकाला ते द्यायचं, त्यावर त्याला खात्याकडून थोडी रक्कम मिळते. रक्कम किरकोळ आहे, पण कूपन न मागता हातात दिलं की माणूस ओळखू येतो. फाटक जसं सापडलं तसंच ठेवायचं, उघडं असेल तर उघडं, बंद असेल तर बंद. दिवाळीचा फराळ मी दरवर्षी त्यांना पाठवतो. शेंगदाण्याच्या चिक्कीचा डबा त्या मुलांपासून लपवून ठेवतात. काही रँचर पैसे घेऊन प्रवेश देतात, त्यातही काही वावगं नाही.

परवानगी मिळालीच नाही तरी राज्याचा ‘ॲक्सेस येस’ कार्यक्रम आहे. त्यातल्या वॉक-इन एरिया म्हणजे शिकाऱ्यांना पायी जायला खात्याने मालकांशी करार करून खुल्या केलेल्या जमिनी. हंटर मॅनेजमेंट एरियासाठी खात्याकडून वेगळी परवानगी घ्यावी लागते, ती फुकट असते. प्रत्येकाचे नियम आणि तारखा निराळ्या असतात, आणि त्या दरवर्षी बदलू शकतात.

आता जनावराकडे वळू. लोक ‘अँटिलोप’ म्हणतात, रँचर ‘गोट’ म्हणतात, आणि ते दोन्ही नाही. त्याच्या कुळातली ही एकच जात जगात उरली आहे, आणि जवळचा नातेवाईक म्हणजे जिराफ. माझं गाव कर्जत तालुक्यातलं, रेहेकुरी अभयारण्यापासून जवळ, त्यामुळे पहिल्यांदा हा माळ पाहिला तेव्हा मला काळविटांची आठवण झाली. (काळवीट १९७२ च्या कायद्याने संरक्षित आहे, त्याची शिकार हा गंभीर गुन्हा आहे, इथली परवान्याची व्यवस्था मनात ठेवून तिथे कोणी तसा विचारही करू नये.) फरक कुंपणापाशी कळतो. काळवीट उंच उड्या मारतं. प्राँगहॉर्न उडी मारायला नाखूश असतं, ते तारेच्या खालून सरपटत जातं. म्हणून कुंपणाखाली जिथे माती घासून गुळगुळीत झालेली आणि तारेला पांढरे केस अडकलेले दिसतात, ती त्यांची नेहमीची वाट. नकाशावर अशा जागा टिपून ठेवा.

त्याचे डोळे मोठे, बाजूला बसवलेले, जवळजवळ पूर्ण वर्तुळ बघणारे. तुम्ही क्षितिजरेषेवर उभे राहिलात की संपलं. पहाटे एखाद्या उंचवट्याआड बसून दुर्बिणीतून कळप शोधा, तो कुठे चालला आहे ते ठरवा, मग गाडी दूर ठेवून घळीतून, वारा तोंडावर घेत, वळसा घालून जा. शेवटचे दोनशे यार्ड रांगत जावे लागतात आणि जमिनीवर निवडुंग असतो. गुडघ्यांना पॅड आणि हातात चामड्याचे मोजे हवेतच. ऊन असेल तर सापांकडेही लक्ष ठेवा.

रायफल .२४३ विंचेस्टर, ६.५ क्रीडमूर, .२७० यांतली कुठलीही चालेल. सराव बाकावरून नको, बसून आणि पडून करा, १०० ते ३०० यार्डांवर. वायोमिंगच्या वाऱ्याला गृहीत धरू नका: ताशी दहा मैलांच्या आडव्या वाऱ्याने ६.५ क्रीडमूरची गोळी ३०० यार्डांवर सहा इंचांच्या आसपास सरकते, आणि छातीतलं नेम धरायचं वर्तुळ जेमतेम आठ-नऊ इंचांचं. तिथला वारा बरेचदा दहाच्या दुप्पट असतो. माझी मर्यादा २५० यार्ड आहे, पहिल्या वर्षी तुमची २०० असू द्या. पळत्या जनावरावर गोळी नाही. दाटीने उभ्या कळपावर नाही, कारण गोळी आरपार जाऊन मागची दुसरी मादी जखमी करते. जनावराच्या मागे माती दिसत नसेल तर नाही. सपाट माळावर गोळी फार लांब जाते आणि तिथे गाई असतात, घरं असतात. सार्वजनिक रस्त्यावरून किंवा रस्त्यापलीकडे गोळी झाडणं बेकायदा आहे. आणि पांढऱ्या चौकोनाच्या हद्दीपासून दोनशे यार्डांच्या आत मी गोळी झाडत नाही, शेजाऱ्याची परवानगी खिशात नसेल तर. हृदयाला गोळी लागलेलं जनावरसुद्धा शंभर यार्ड पळू शकतं.

अंगावर केशरी किंवा गुलाबी फ्लोरोसंट कपडा घाला. मादी ओळखताना गालाकडे बघा: नराच्या जबड्याखाली काळा डाग असतो. मादीलाही कधीकधी छोटी शिंगं असतात, तेव्हा नुसत्या शिंगांवर जाऊ नका.

जनावर पडलं की आधी टॅगच्या कार्कस कूपनवर (हे लँडओनर कूपनाहून वेगळं) तारीख घाला, सही करा, ते जनावराला बांधा, जागा सोडण्याआधी. मग लगेच कातडी. प्राँगहॉर्नचं मांस वाईट वास मारतं असं जे म्हणतात, त्यांनी बहुधा तीस अंशांच्या उन्हात ते तासन्‌तास गाडीवर टाकून मिरवलेलं असतं. केस पोकळ असतात, उष्णता आत कोंडून ठेवतात. कातडी काढा, केसांचा हात मांसाला लावू नका, गाडीत दोन मोठे कूलर आणि गोठवलेल्या पाण्याच्या बाटल्या तयार ठेवा. हाडांवेगळं केलेलं मांस १५ ते २० किलो भरतं, एका फेरीत पाठीवरून येतं. खाण्याजोगं मांस माळावर सोडणं गुन्हा आहे. परत निघण्याआधी लिंगाचा पुरावा कसा ठेवायचा तो त्या वर्षीच्या पुस्तिकेत वाचून घ्या. चरबी जवळजवळ नसते, म्हणून खिमा आणि मंद आचेवरचं सुकं उत्तम होतं. मोठे तुकडे जास्त शिजवले की चिवट होतात.

गाडीत दोन स्टेपनी ठेवा, पेट्रोल अर्ध्यावर आलं की भरा. पाऊस पडला तर थांबा. तिथली बेंटोनाइटची माती आपल्या काळ्या कपाशीच्या रानासारखी चिकटते, चाकं गोळे होऊन बसतात, आणि ओल्या वाटेवर पाडलेले चर रँचर वर्षभर बघत राहतो.

राहिले तुमचे चार दिवस. पहिला शनिवार-रविवार घेऊ नका. त्या दोन दिवसांत सार्वजनिक जमिनीवर गाड्यांची रांग लागते आणि कळप खाजगी कुरणांत सरकतात. दुसऱ्या आठवड्यातले मंगळवार ते शुक्रवार घ्या, सोमवारी संध्याकाळी पोचा, आणि शनिवार घरी मांस कापायला मोकळा ठेवा. त्याआधी ऑगस्टमध्ये एका रविवारी रिकाम्या हाताने जाऊन या. तुम्ही खुणा केलेल्या सहा तुकड्यांपैकी दोन प्रत्यक्षात निरुपयोगी निघतील: एका ठिकाणी फाटकाला कुलूप असेल, दुसऱ्या ठिकाणी नकाशातला रस्ता गवतात हरवलेला असेल.